सात्सुकीचा बहर

मुलांनो, बोन्साय हा शब्द जपानी आहे. 'बोन' म्हणजे उथळ कुंडी आणि 'साय' म्हणजे लावणे. उथळ कुंडीत लहान ठेवलेले, पण जुन्या वृक्षासारखे दिसणारे झाड म्हणजे बोन्साय.

जपानमध्ये सात्सुकी जातीच्या अझेलियाचे बोन्साय लोकप्रिय आहे. सात्सुकी हे जुन्या जपानी पंचांगातील पाचव्या महिन्याचे नाव. हे झाड मे-जून महिन्यांत फुलते. कधी कधी एकाच झाडावर पांढरी, गुलाबी आणि पट्ट्यांची फुले दिसतात.

या झाडाला आम्लयुक्त माती लागते. कानुमा शहराच्या परिसरात ज्वालामुखीतून आलेली पिवळसर, हलकी माती मिळते. तिच्यात ओलावा टिकतो आणि हवाही खेळते. सात्सुकीची मुळे केसांसारखी बारीक असतात. ती कोरडी पडू देऊ नयेत.

बहुतेक झाडे शेंड्याकडे जोमाने वाढतात. हे झाड मात्र बुंध्याकडे जोमाने वाढते. म्हणून खालच्या फांद्या जास्त छाटतात व शेंडा कमी छाटतात.

फुले सुकू लागली, की ती खुडून लगेच छाटणी करतात. कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या त्याच उन्हाळ्यात तयार होऊ लागतात. छाटणीला उशीर झाला, तर त्या कळ्याही कापल्या जातात.

फुलण्यात झाडाची पुष्कळ शक्ती खर्च होते. झाड अशक्त दिसले, तर जाणता माळी कळ्याच खुडून टाकतो. त्याला वाईट वाटत नाही का? वाटते. पण एका वर्षाचा बहर सोडला, तर झाड पुन्हा जोम धरते आणि पुढे अनेक वर्षे फुलते.