मागची सीट काढून फळी बसवताय? आधी हे वाचा

पाच दारांच्या जिम्नीची डिकी फक्त 208 लिटरची. मागची सीट दुमडली की 332 लिटर, पण तळ एकसंध सपाट होत नाही. तंबू, शेगडी, पाण्याचे कॅन घेऊन फिरणाऱ्यांना म्हणूनच सीट काढून तिथे खणांचा प्लॅटफॉर्म बसवावासा वाटतो. घरी करण्यासारखं फार समाधानाचं काम आहे हे!

लाकूड मरीन प्लायच घ्या, आयएस 710 चा शिक्का बघून. वरच्या फळीला 18 मिमी, खणांना 12 मिमी पुरतं; सगळंच 18 चं केलंत तर वजन उगाच वाढतं. जॅक आणि पान्यांपर्यंत हात पोचेल अशी झडप ठेवा.

खरा प्रश्न पकडीचा. ताशी 50 किमी वेगातली गाडी 0.1 सेकंदात थांबली, तर 40 किलो सामान साधारण 560 किलोच्या जोराने पुढे झेपावतं. म्हणून गालिच्यात स्क्रू पिळून भागत नाही. सीटच्या मूळ बोल्टच्या जागीच लोखंडी पट्ट्या कसा, खणांना कुलपाचे चॅनेल लावा आणि पुढच्या सीटमागे जाळी हवीच.

आणखी एक. सीट कायमची काढली की आरसीवरची आसनसंख्या जुळत नाही आणि मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 आडवं येतं. प्लाय कापायच्या आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि काढलेली सीट बोल्टसकट जपून ठेवा.