गोठ्याच्या शेडसाठी सौरवीज: हिशेब रात्रीपासून मांडा

घराच्या छतावरच्या सौरसंचाबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. आज आपण घरापासून लांब, शेतातल्या वस्तीवर असलेल्या पत्र्याच्या शेडबद्दल बोलणार आहोत. आठ-दहा जनावरांचा गोठा डोळ्यांसमोर ठेवू या. शेळ्यांची शेड असो, अवजारांची असो किंवा छोटं वर्कशॉप असो, हिशेबाची पद्धत तीच राहते, आकडे तेवढे बदलतात.

गोठाच का घेतला?

दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे गोठ्यातलं काम अंधारातच जास्त असतं. पहाटेची धार, संध्याकाळची धार आणि मध्यरात्री व्यायला आलेली गाय. मण्यार रात्रीच फिरतो. कडब्याच्या ढिगाजवळ अंधारात पाय पडतो तेव्हा तिथे एक दिवा असणं आणि नसणं यात फार मोठा फरक असतो.

दुसरं कारण २३० व्होल्टचं. गोठ्याची जमीन मुतानं आणि पाण्यानं कायम ओली, खांब लोखंडी, वर पत्रा. त्यात घरापासून ओढलेली, जागोजागी टेप गुंडाळलेली वायर. पावसाळ्यात ती पत्र्याला टेकली की अख्खी शेड जिवंत होते. जनावराचे चारही पाय ओल्या जमिनीवर असतात, त्यामुळे आपल्याला नुसता झटका बसेल एवढा करंट जनावराचा जीव घेऊ शकतो. २४ व्होल्टच्या डीसी संचात हा धोका जवळजवळ राहत नाही. राहतो तो आगीचा, त्याकडे आपण नंतर येऊ.

आधी वही, मग दुकान

बहुतेक लोक दुकानात जाऊन विचारतात, "एक किलोवॅटचं केवढ्याला?" आम्ही म्हणतो, आधी वही घ्या. कोणतं उपकरण किती वॅटचं आणि किती तास चालणार, एवढंच लिहा. वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास. असे १००० वॅट-तास झाले की वीजबिलातला एक युनिट होतो.

आपल्या गोठ्याचा हिशेब असा:

- ९ वॅटचे ४ एलईडी दिवे, सकाळ-संध्याकाळ मिळून ४ तास: १४४
- ३ वॅटचा रात्रभराचा दिवा, १२ तास: ३६
- ३० वॅटचे २ बीएलडीसी पंखे, उन्हाळ्यात ८ तास: ४८०
- ६ वॅटचा सिमवर चालणारा कॅमेरा, २४ तास: १४४

बेरीज झाली ८०४. वायरमध्ये, बॅटरीत, कंट्रोलरमध्ये थोडी वीज वाया जाते, ती धरून १००० म्हणू. म्हणजे भर उन्हाळ्यातसुद्धा गोठ्याला दिवसाला एक युनिट लागतो.

यात कडबाकुट्टी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दोन एचपीची मोटर चालू असताना दीड हजार वॅट घेते आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट करंट ओढते. पंधरा मिनिटांच्या कुट्टीसाठी सगळा संच चौपट मोठा करण्यात अर्थ नाही. ती लाइट असताना महावितरणच्या कनेक्शनवरच चालवा.

इन्व्हर्टर लागतोच का?

पॅनेल डीसी देतं, बॅटरी डीसी साठवते, एलईडी आणि बीएलडीसी पंखा आतून डीसीवरच चालतात. मग मध्ये एसी कशाला? इन्व्हर्टरवर काहीही चालू नसलं तरी तो नुसता जागा राहायला वीज खातो. १५ वॅट धरले तरी २४ तासांचे ३६० वॅट-तास झाले. आपल्या सगळ्या दिव्यांना मिळून १८० लागतात, म्हणजे रखवालदार मालकाच्या दुप्पट जेवतो म्हणायचं!

म्हणून गोठ्यात सरळ २४ व्होल्टचे डीसी दिवे आणि पंखे लावा. घरचा नेहमीचा बल्ब यावर चालत नाही, डीसीचा मागून घ्यावा लागतो. विकत घेताना एक बघा: चार्ज होताना २४ व्होल्टची बॅटरी २८-२९ व्होल्टपर्यंत चढते, तेवढं झेपणारंच उपकरण हवं. कॅमेऱ्यासाठी २४ चे १२ व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो.

बॅटरी: बेतशीर घ्या आणि जपा

बॅटरी रोजच्या १००० वॅट-तासांवर ठरत नाही, ऊन नसताना काय चालतं त्यावर ठरते. पंखे मुख्यतः दुपारी चालतात. तेव्हा पॅनेल जोरात असतं आणि वीज बॅटरीत न थांबता थेट पंख्याकडे जाते.

खरी परीक्षा पावसाळ्यातली. तेव्हा पंखे बंद असतात. दिवे आणि कॅमेरा मिळून ३२४, नासधूस धरून ४००. दोन दिवस सूर्य दिसलाच नाही तरी निभावलं पाहिजे, म्हणजे ८०० वॅट-तास हाताशी हवेत.

हाताशी असलेली वीज आणि बॅटरीवर छापलेली वीज यात फरक असतो. साधी लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. १२ व्होल्ट, १०० एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या तर २४०० वॅट-तास झाले, त्यातले वापरायचे १२०० च. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी मात्र ८० टक्के वापरता येते. २५.६ व्होल्ट, ५० एएच म्हणजे १२८०, त्यातले सुमारे १००० मिळतात. दोन्हींत आपलं काम भागतं. लेड-ॲसिड आज स्वस्त पडते, पण रोजच्या वापरात साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, तिला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. लिथियम महाग, पण नीट वापरली तर आठ-दहा वर्षं चालते.

कोणतीही घ्या, तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. सावलीच्या भिंतीला, लाकडी फळीवर, जाळीच्या पेटीत ठेवा. पेटीत हवा खेळली पाहिजे, उंदीर शिरता कामा नये आणि कडबा जवळ नको.

पॅनेल: इथे हात आखडू नका

महाराष्ट्रात उन्हाळ्यात दिवसाला साधारण ५ तास भर उन्हाइतकी ऊर्जा मिळते, ढगाळ पावसाळी दिवशी २ तासांइतकी किंवा त्याहूनही कमी. उन्हाळ्यात पॅनेल स्वतः तापतं. मे महिन्याच्या दुपारी ते ६०-६५ अंशांवर जातं आणि उत्पादन साधारण सहावा-सातवा हिस्सा कमी होतं. वर धूळ असतेच. म्हणून ५ तासांचे ४ च धरू. १००० भागिले ४, म्हणजे २५० वॅटचं पॅनेल. पावसाळ्यात ४०० भागिले २, म्हणजे २०० वॅट.

मग २५० वॅटचं पुरेल का? रोजचं भागेल. पण दोन दिवसांच्या झडीनंतर बॅटरी रिकामी झाली, तर उघडीप मिळालेल्या एका दिवसात रोजची गरज भागवून ती पुन्हा भरायला शिल्लक काही उरणार नाही. म्हणून ३३० वॅटच्या आसपासचं, ७२ सेलचं एक पॅनेल घ्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर तशीच दोन लावा.

आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: पावसाळा मोठ्या बॅटरीनं निघत नाही, मोठ्या पॅनेलनं निघतो. ऊनच नसेल तर मोठी बॅटरी मोठी रिकामी टाकी होऊन बसते. पॅनेल २५ वर्षं टिकतं, बॅटरी वापरा न वापरा म्हातारी होतच असते.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला, तिरकेपणा १८-२० अंश. पत्रा आणि पॅनेल यांत चार बोटं तरी अंतर सोडा, हवा खेळू द्या. बाभळीच्या एका फांदीची सावलीसुद्धा चालत नाही, कारण सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि एक अडला की त्याच्या ओळीतले सगळे अडतात. धुवायचं ते सकाळी, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचाच घ्या, आणि दोन पॅनेल्स सिरीजमध्ये जोडणार असाल तर त्याची व्होल्टची मर्यादा तपासा. समजा मोठ्या पॅनेलवर ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५ लिहिलं आहे. दोन मिळून ९९, आणि कंट्रोलर १०० व्होल्टचा. बसलं असं वाटतं. पण तो आकडा २५ अंश तापमानाचा आहे. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. निफाडकडे जानेवारीत पारा ५ अंशांवर येतो, तेव्हा तेच ९९ व्होल्ट १०४ च्या वर जातात आणि सकाळच्या पहिल्या उन्हातच कंट्रोलर जळू शकतो. दोन पॅनेल्स पॅरललमध्ये जोडली तर हा प्रश्नच येत नाही.

वायर आणि फ्यूज

आपण १२ ऐवजी २४ व्होल्ट का धरले? शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत २० मीटर आहे, जाऊन-येऊन ४० मीटर वायर. तिकडे १०० वॅटचा भार आहे. १२ व्होल्टवर सव्वाआठ अँपिअर वाहतात आणि घरगुती दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीत सुमारे ४ व्होल्ट वाटेतच संपतात. पंख्याला उरतात ८, तो फिरणार कसा? २४ व्होल्टवर करंट निम्मा होतो. ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली तर घट एका व्होल्टच्याही खाली येते.

आता आगीचं. बॅटरीची दोन टोकं चुकून जुळली तर शेकडो अँपिअर वाहू शकतात, वायर क्षणात लाल होते, आणि शेजारी कडबा. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच. तोही डीसीचा. घरातला एमसीबी इथे लावू नका. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी जळत राहते.

जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. पॅनेलची चौकट आणि पत्रा एकत्र अर्थिंगला जोडा. वळवाच्या वाऱ्यात पॅनेल उडू नये म्हणून चौकट नुसत्या पत्र्याला न धरता खालच्या लोखंडी पर्लिनला बोल्टनं आवळा.

श्रोत्यांचे प्रश्न

घरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे. तरी लाइट गेली की अंधार होतो, असं का?

ते ग्रीडला जोडलेलं आहे. ग्रीड गेली की त्याचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर तुमच्या छतावरची वीज तारेत जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतलं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान अशाच ग्रीडला जोडलेल्या घरगुती संचाला आहे. शेडवरच्या स्वतंत्र बॅटरीच्या संचाला ते धरून चालू नका.

एकदम एवढा खर्च झेपत नसेल तर?

मग दिव्यांपासून सुरुवात करा, पंखे पुढच्या उन्हाळ्यात. पण जाड वायर, फ्यूज आणि थोडा मोठा कंट्रोलर आत्ताच घ्या. पॅनेल मागाहून वाढवता येतं. बॅटरीचं तसं नाही. जुन्या बॅटरीला नवी जोडली की नवीसुद्धा जुनीच्या चालीनं चालते. त्यामुळे बॅटरीसाठी दोन महिने थांबावं लागलं तरी थांबा, पण घ्याल ती पूर्ण हिशेबाचीच घ्या.