स्लॅबचे कोपरे वर का उठू पाहतात?

जबलपूरच्या अधारतालमध्ये एखाद्या खोलीवर 4 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 12 सेंटिमीटर जाड स्लॅब चारही भिंतींवर नुसता टेकवला आहे, असे समजू. स्वतःचे वजन, फरशी आणि माणसांचा वावर मिळून तो मधोमध साधारण 2 मिलिमीटर झुकेल. डोळ्यांना न दिसणारा हा झोल कागदावर पकडायला युरोपातल्या गणितज्ञांना बरीच झटापट करावी लागली.

सोफी जर्मेनला मुलगी म्हणून पॅरिसच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश नव्हता. गणिताच्या दृष्टीने स्लॅबही एक पातळ पाटीच; तशाच पातळ पत्र्याच्या कंपनाचे समीकरण तिने तीनदा फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडले. पहिल्या प्रयत्नातली चूक लाग्रांजने दुरुस्त केली. 1816 मध्ये पारितोषिक मात्र तिलाच मिळाले, आणि ते तिच्या चिकाटीचे होते.

1820 मध्ये नाव्हिएने आयताकृती पाटीचा झोल साइन लहरींच्या बेरजेत मांडला. चौरस स्लॅबसाठी यातली पहिलीच लहर घेतली, तर मधला झोल खऱ्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जास्त येतो. इथेच थांबण्याचा मोह होतो. पण सळई ठरते बेंडिंग मोमेंटवर, म्हणजे स्लॅबला वाकवणाऱ्या आघूर्णावर, आणि तीच लहर मोमेंट 11 टक्क्यांहून जास्त फुगवून सांगते. मोमेंट झोलाच्या वक्रतेतून निघतो आणि बारीक लहरींचा वाटा वक्रतेत मोठा असतो, म्हणून आणखी पदे घ्यावीच लागतात.

सगळ्यात नवलाची गोष्ट कोपऱ्यांची. मध्य खाली जाताना कोपरे वर उठू पाहतात. किर्खोफच्या 1850 च्या सिद्धांतानुसार हिशोब केला, तर प्रत्येक कोपरा दाबून धरायला एकूण भाराच्या सुमारे 7 टक्के बळ लागते. आपल्या स्लॅबसाठी ते 700 किलोच्या आसपास भरते. वरच्या भिंतीने कोपरा दाबला गेला की वरच्या अंगाला तिरकी भेग पडू शकते. म्हणूनच काँक्रीटसाठीचे भारतीय मानक आयएस 456 अशा कोपऱ्यांत वर-खाली सळयांची जाळी मागते. ती लहान बाजूच्या किमान पाचव्या हिश्श्यापर्यंत, इथे 80 सेंटिमीटर, न्यावी लागते. सेंट्रिंगवर ही जाळी कुणी वगळत असेल, तर त्याला तिथेच थांबवायला हवे.

पाटी जाड झाली की किर्खोफने सोडून दिलेले, कातरबळाने होणारे विरूपण डोके वर काढते. मिंडलिनने 1951 मध्ये ते हिशोबात घेतले; त्यासाठी तीन अज्ञात फलने आणि वर एक दुरुस्ती गुणांक लागला. आयआयटी मुंबईच्या रा. प. शिंपी यांनी 2002 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात दोनच अज्ञात फलने आहेत आणि त्या गुणांकाची गरज उरत नाही.