पतंग दिव्यावर भाळत नाही!

पावसाळी ट्रेक म्हटलं की आपला प्लॅन ठरलेला. पहाटे निघायचं, धबधब्यात भिजायचं, कांदाभजी हाणायची आणि रात्री होमस्टेच्या पडवीत गप्पांचा फड रंगवायचा. यंदा आंबोली, भीमाशंकर किंवा महाबळेश्वरला मुक्काम असेल, तर त्या पडवीतल्या ट्यूबलाइटकडे जरा नीट बघा. तिथे घिरट्या घालणारे ‘किडे’ झटकण्याआधी थांबा. सह्याद्रीतले काही सर्वात देखणे जीव त्यांच्यात असू शकतात.

पतंग म्हणजे फुलपाखराचा करडा, मळकट भाऊ, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात भारतात फुलपाखरांच्या साधारण तेराशे जाती आहेत, तर पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. पतंगांच्या वाट्याला मात्र बहुतेकदा चप्पलच येते! दोघांतला फरक ओळखणं सोपं आहे. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला छोटी गाठ असते. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात.

आता या मंडळींचे रंग बघा. ॲटलास मॉथ विटकरी-तांबूस, पंख पसरले की जवळजवळ वीतभर. पंखांवर पारदर्शक खिडक्या आणि वरच्या टोकांना सापाच्या डोक्याचा भास. मून मॉथ फिकट पोपटी, मागे दोन लांब शेपट्या. या शेपट्या नुसत्या शोभेच्या नाहीत. वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवरून शिकार शोधतं. उडताना गोल फिरणारी शेपटी त्याला चकवते आणि ते शरीराऐवजी शेपटीवर झडप घालतं. मून मॉथचा अमेरिकेतला भाऊबंद असलेल्या लूना मॉथवर २०१५ मध्ये झालेल्या प्रयोगात शेपटीमुळे जीव वाचण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांनी जास्त दिसलं.

कण्हेरीवर वाढणारा ओलिएंडर हॉक मॉथ तर मिलिटरीच्या गणवेशासारखा हिरवा. कॉलेजच्या आवारात कण्हेर असेल, तर त्याचा निळ्या डोळ्यांसारखे ठिपके असलेला सुरवंट तिथेही सापडू शकतो. आणि डेथ्स हेड हॉक मॉथच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते. हा पठ्ठ्या मधमाश्यांच्या पोळ्यात घुसून मध पितो आणि डिवचलं तर चक्क चिरकतो.

ॲटलास आणि मून मॉथची गोष्ट मात्र वेगळी आहे. आईच्या कपाटातल्या टसर साडीचं रेशीम देणारा पतंगही त्यांच्याच कुळातला. पंख फुटल्यावर यांना काही खाताच येत नाही, तोंडाचे अवयव नावापुरतेच उरतात. सुरवंट असताना जे खाल्लं, त्या शिदोरीवर जेमतेम आठवडा-दोन आठवडे काढायचे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. मादी हवेत गंध सोडते आणि नर आपल्या पिसासारख्या मिशांनी तो लांबवरून टिपतो.

अशा आयुष्यात एक रात्र म्हणजे किती मोठी गोष्ट! आणि ती रात्र आपल्या दिव्याभोवती वाया जाते.

पतंग दिव्यावर भाळतो, प्रेमापायी जळून जातो, हे आपण गाण्यांत आणि शायरीत इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन वेगळं सांगतं. शास्त्रज्ञांनी हाय-स्पीड कॅमेऱ्यांनी कीटकांचं उडणं टिपलं. रात्री जमिनीपेक्षा आकाश थोडं उजळ असतं, म्हणून कीटक उजेडाकडे पाठ ठेवून उडतात. त्यावरूनच त्यांना वर-खाली कळतं. जवळ बल्ब आला की हा हिशेब चुकतो. पतंग बल्बकडे पाठ करत राहतो आणि गोल गोल फिरत अडकतो. म्हणजे तो प्रेमात वगैरे पडलेला नसतो, फसलेला असतो. सकाळी भिंतीवर थकून बसला की पक्ष्यांचा आयता नाश्ता होतो.

घाटमाथ्यावर रिसॉर्ट, होमस्टे, बंगले वाढताहेत, तसे रात्रभर जळणारे पांढरे एलईडीही वाढताहेत. हे आपण एकट्याने थांबवू शकत नाही. पण झोपताना पडवीतला दिवा बंद करणं तर हातात आहे. होमस्टेवाल्या काका-काकूंना पांढऱ्याऐवजी पिवळा, वरून झाकलेला दिवा सुचवता येईल. पांढऱ्या-निळ्या उजेडाकडे पतंग जास्त येतात.

आणि पतंग बघायचेच असतील तर बिनधास्त बघा. दोरीवर पांढरी चादर टांगा, समोर दिवा लावा, तास-दोन तास बसा. हात लावू नका, पंखांवरचे खवले निघतात. फोटो काढा आणि ‘आयनॅचरलिस्ट’ किंवा ‘मॉथ्स ऑफ इंडिया’वर टाका, तिथे ओळख पटवायला मदत होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ‘नॅशनल मॉथ वीक’ असतो. २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला हा उपक्रम आता आपल्याकडेही होतो, आणि तेव्हा सह्याद्रीत पाऊसही भरात असतो.

फक्त बघून झालं की दिवा आठवणीने बंद करा. तुमची ती एक संध्याकाळ असते, पण त्याच्याकडे मोजक्याच रात्री उरलेल्या असतात.