कोळशावर काजळाची अक्षरे

लाकडी कोळशाचा एक सपाट तुकडा घ्या आणि काजळात बुडवलेल्या काडीने त्यावर आपले नाव लिहा. आता ते वाचून पाहा. काळ्यावर काळे, वाचणार काय? तुकडा उजेडात तिरका धरलात तर काजळाची चकाकी जराशी निराळी दिसून एखादे अक्षर ओळखता येईलही. पण तुकड्याऐवजी कोळसा झालेली एक गुंडाळीच हाती आली तर? तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले, उलगडू गेले की चुरा होणारे, आणि मजकूर आतल्या वेढ्यांवर, तोही दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक भाषेत!

हे कोडे कल्पनेतले नाही. इटलीत नेपल्सजवळ व्हेसूव्हियस नावाचा ज्वालामुखी आहे. इ. स. ७९ मध्ये त्याचा उद्रेक होऊन पाँपेई हे गाव गाडले गेले, हे तुम्ही वाचले असेल. त्याच वेळी शेजारचे हर्क्युलेनियमही गाडले गेले. तेथील एका श्रीमंत वाड्यात ग्रंथसंग्रह होता. त्या काळचे ग्रंथ म्हणजे पपायरस या पाणवनस्पतीच्या गाभ्यापासून केलेल्या लांब पट्ट्या, काठीला गुंडाळून ठेवलेल्या. तप्त राखेच्या लोंढ्यात त्या सापडल्या, परंतु हवा न मिळाल्यामुळे पेटल्या नाहीत. कोळसाभट्टीत लाकडाचे होते तेच त्यांचे झाले. एका अर्थी हे बरेच झाले म्हणायचे. युरोपच्या दमट हवेत साधा पपायरस टिकत नाही, कोळसा मात्र टिकतो. प्राचीन काळातला असा जवळजवळ अखंड ग्रंथसंग्रह दुसरा सापडलेला नाही.

१७५२ साली बोगदे खणताना या गुंडाळ्या हाती लागल्या. काही तर जळके ओंडके समजून फेकूनही दिल्या गेल्या. पुढे अंतोनिओ पियाज्जो या धर्मगुरूने रेशमी दोरे आणि वजने वापरून गुंडाळी हळूहळू सोडवणारे यंत्र बनवले. दिवसाला काही मिलिमीटर, एवढीच त्याची गती. १८१९च्या सुमारास खाणीतल्या दिव्यामुळे तुम्हाला माहीत असलेले हम्फ्री डेव्ही तेथे गेले आणि त्यांनी रासायनिक उपाय करून पाहिले. त्यांना थोडे यश आले आणि बरेच नुकसान झाले. अखेर उरलेल्या काही शे गुंडाळ्यांना हात न लावणेच शहाणपणाचे ठरले.

येथे पदार्थविज्ञान पुढे आले. क्ष-किरणांनी हाड दिसते पण मांस दिसत नाही, ते का? किरण किती शोषले जातील हे पदार्थाची घनता आणि त्यातील अणूंचा अणुक्रमांक यांवर अवलंबून असते. हाडात कॅल्शियम असते, त्याचा अणुक्रमांक २०. मांस मुख्यतः हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन यांचे, म्हणजे १, ६ आणि ८. मृत समुद्राकाठच्या एन-गेदी येथे सापडलेली एक जळकी चामड्याची गुंडाळी २०१५ साली अशीच वाचली गेली. तिच्यातली शाई चामड्याहून बरीच घन असल्याने सीटी स्कॅनमध्ये अक्षरे उठून दिसली. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स यांनी त्या स्कॅनमधील वेढे संगणकावर एकेक करून उलगडले. गुंडाळी मात्र होती तशीच राहिली.

हर्क्युलेनियमला ही युक्ती अडली. तेथील शाई काजळी आणि डिंक यांची, आपल्या जुन्या पोथ्यांच्या शाईसारखीच. म्हणजे शाईही कार्बनची आणि कागदही कार्बनचा! दोन्हींचा अणुक्रमांक ६. क्ष-किरणांना फरक कळणार कसा?

मग इंग्लंडमधील ‘डायमंड’ या सिंक्रोट्रॉनचे अत्यंत प्रखर क्ष-किरण वापरून काही गुंडाळ्यांच्या प्रतिमा घेण्यात आल्या. (सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनांना वर्तुळात प्रचंड वेगाने फिरवून किरण मिळवण्याचे यंत्र. आपल्याकडे इंदूरला ‘इंडस-२’ आहे.) या प्रतिमांत सुमारे ८ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या सव्वाशेव्या भागाइतके बारकावे टिपले जात होते. २०२३ साली सील्स आणि त्यांच्या साथीदारांनी या प्रतिमा जगापुढे ठेवून बक्षिसे जाहीर केली. केसी हँडमर यांना तासन् तास नुसते पाहत बसल्यावर काही ठिकाणी पृष्ठभागावर बारीक भेगांची जाळी दिसली. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळून भेगाळतो ना, तशी. ती वाळलेली शाई होती. शाई काळेपणाने वेगळी दिसत नव्हती, तिचा पोत वेगळा होता. नेब्रास्का विद्यापीठातील ल्यूक फॅरिटर या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने असा पोत ओळखायला संगणकाला शिकवले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद गुंडाळीतला पहिला शब्द जाहीर झाला: ‘पॉर्फिरास’, जांभळ्या रंगाचा वाचक. फेब्रुवारी २०२४ मध्ये फॅरिटर, युसुफ नादर आणि ज्युलियन शिलिगर या तिघांना ७ लाख डॉलरचे मोठे बक्षीस मिळाले. तोवर दोन हजारांहून अधिक अक्षरे उजेडात आली होती.

वर्तमानपत्रांतली गोष्ट येथे संपली. मला तुम्हाला सांगायचे आहे ते यापुढचे.

संगणकाला ग्रीक येत नव्हते. ते मुद्दामच शिकवले नव्हते! ‘या बारीकशा ठिपक्यात शाई आहे की नाही’ एवढेच त्याला विचारले जात होते. पूर्ण अक्षरांचे आकार शिकवले असते, तर नसलेली अक्षरेही त्याला दिसू लागण्याची भीती होती. म्हणून हाती आले ते पुसट ठिपक्यांचे पट्टे. ते वाचले पपायरस-वाचनाच्या अभ्यासकांनी, म्हणजे नेपल्स आणि इतर विद्यापीठांत ‘क्लासिक्स’ किंवा अभिजात विद्या शिकलेल्या माणसांनी.

हे वाचन कसे असते, ते पाहा. प्राचीन ग्रीक ग्रंथांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत. ‘तोकडेलाबसला’ हे वाचा. प्रथम ‘तोकडे’ असे वाचलेत ना? मग ‘लाबसला’ला अर्थ लागेना, म्हणून मागे येऊन ‘तो कडेला बसला’ असे केलेत. मराठी येत नसते तर हे जमले नसते. आता मधले अक्षर गळाले आहे असे समजा: ‘मुले ▢ळेत गेली’. शाळेत? की वेळेत? दोन्ही बसतात. निवाडा करायला मागचापुढचा मजकूर हवा, रिकाम्या जागेत किती अक्षरे मावतात त्याचे माप हवे आणि त्या लेखकाची शब्द वापरण्याची रीत ठाऊक हवी. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा तुम्हाला माहीतच आहे. एका अक्षराने काय होते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

आणि येथेच या विद्येतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट येते. प्रयोगशाळेत लांबी मोजून आपण ‘२.४० ± ०.०१ सेंटिमीटर’ असे लिहितो. नुसते २.४० लिहिणाऱ्याचे गुण मी कापतो. आपल्याला किती ठाऊक आहे याबरोबर किती ठाऊक नाही हेही सांगायचे, हा विज्ञानाचा नियम. पपायरस वाचणारेही नेमके हेच करतात. १९३१ साली नेदरलंड्समधील लायडन येथे त्यांनी खुणा ठरवल्या. अक्षर पुसट असून वाचन शंकास्पद असेल तर त्याच्याखाली बिंदू द्यायचा. अक्षर पार नाहीसे होऊन संपादकाने तर्काने भरले असेल तर ते चौकोनी कंसात घालायचे. छापील पान उघडले की कोणते अक्षर डोळ्यांनी पाहिलेले आणि कोणते तर्काने बसवलेले, हे लगेच कळते. ‘कला शाखेत काय, पाठांतर!’ असे म्हणणाऱ्यांनी असे एक पान जरूर पाहावे.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढली. काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. १९२५ पासून त्याची धुरा वाहणारे विष्णु सीताराम सुकथनकर मुळात केंब्रिजला गणित शिकलेले, नंतर बर्लिनला जाऊन भाषाशास्त्राकडे वळलेले. निरनिराळ्या पोथ्यांतल्या समान चुकांवरून पोथ्यांची वंशावळ लावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात युरोपातील ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासकांनी घडवली होती. सुकथनकरांनी ती महाभारताला लावली आणि ती कोठे अपुरी पडते हेही सांगितले. त्या आवृत्तीत जो पाठ पूर्ण खात्रीचा नाही, त्याखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. लायडनचा बिंदू आणि पुण्याची रेघ एकाच जातीची आहेत.

अशी विद्या शिकायला काय लागते? ऑक्सफर्डचा या विषयाचा पदवीक्रम चार वर्षांचा आहे. त्यात ग्रीक आणि लॅटिन भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि पुरातत्त्व येते. शाळेत ग्रीक न शिकलेल्यांनाही तेथे मुळाक्षरांपासून शिकवतात. नोकरी? अध्यापन, ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये, आणि बाकी कोणत्याही पदवीधराला मिळते ती. मिळकतीत इंजिनियरची बरोबरी होईल असे मी सांगणार नाही. पण गुण कमी पडले म्हणून ज्याला या बाजूला ढकलले आहे, त्याचेही हे काम नव्हे. आपल्याकडे संस्कृत, पाली आणि अर्धमागधी विद्यापीठांत शिकता येतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल वाचकांची वाट पाहत आहेत. तेथे तर सिंक्रोट्रॉनही लागत नाही, मोडी येणारा माणूस लागतो.

हर्क्युलेनियमच्या पहिल्या वाचलेल्या गुंडाळीत संगीत, अन्न आणि सुख यांची चर्चा आहे. जी वस्तू दुर्मिळ ती अधिक सुखद असते काय, असा प्रश्न तिच्यात घेतलेला आहे. लेखक एपिक्युरसच्या पंथातला फिलोडेमस असावा असा तर्क आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील दुसऱ्या एका गुंडाळीचे नाव २०२५ साली अगदी गाभ्याजवळच्या वेढ्यात सापडले. त्या काळी ग्रंथाचे नाव शेवटी लिहीत. तो फिलोडेमसचाच ‘दुर्गुणांविषयी’ हा ग्रंथ आहे. वाड्याचा काही भाग तर अजून खणलेलाही नाही.

आता तुम्ही एक करून पाहा. मित्राला एका कागदावर दहा ओळी शब्द न तोडता लिहायला सांगा. त्यावर त्याने चार ठिकाणी शाई सांडावी आणि दोन ठिकाणी भोके पाडावीत. मूळ मजकुराची प्रत त्याने स्वतःजवळ ठेवावी. तुम्ही तो कागद वाचून स्वच्छ लिहून काढा. शंकास्पद अक्षराखाली बिंदू द्या, तर्काने भरलेले कंसात घाला. मग मूळ प्रतीशी ताडून मोजा: बिंदू दिलेली किती अक्षरे चुकली, आणि बिंदू न देता खात्रीने लिहिलेली किती चुकली? दुसरा आकडा वर्गात सर्वांत कमी कोणाचा येतो ते पाहा.