मालिका एवढ्या का ताणतात? उत्तर कथेत नाही, टीआरपीच्या मीटरमध्ये आहे

कुणीतरी दाराआडून काहीतरी ऐकतं. वीज कडाडते. कॅमेरा घरातल्या आठही जणांच्या चेहऱ्यावर आळीपाळीने फिरतो आणि प्रत्येकाचा धक्का तीन-तीनदा दाखवतो. मग ब्रेक. ब्रेकनंतर पुन्हा तेच आठ चेहरे. एपिसोड संपतो तेव्हा गोष्ट जिथं होती तिथंच असते.

यावर सोशल मीडियावर रोज मीम्स पडतात. तरीही संध्याकाळी साडेसातनंतर कुठल्याही सोसायटीच्या जिन्यातून चढताना दोन-चार दारांमागून टायटल साँग ऐकू येतंच. मग प्रश्न पडतो की एवढी नावं ठेवूनही हे असंच का चालू राहतं? लेखकांना लिहिता येत नाही की प्रेक्षकांना चांगलं नकोच आहे?

ही दोन्ही उत्तरं सोपी आहेत. पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते समजलं तर चांगलं बघायचं कुठं शोधायचं हेही समजतं.

आधी गोष्टीला शेवट असायचा

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा चॅनेल एक, वेळ मोजकी. त्याच दशकात दिलीप प्रभावळकरांचा ‘चिमणराव’ घराघरांत पोहोचला. पुढे १९८४ मध्ये ‘हम लोग’ आली आणि प्रायोजक पैसे देणार, मालिका त्यावर चालणार, ही पद्धत रुळली. ‘हम लोग’च्या मागे मॅगी नूडल्स होतं.

प्रायोजित मालिकांना बहुतेकदा १३-१३ भागांची मंजुरी मिळायची, कारण १३ आठवडे म्हणजे तीन महिने. त्यामुळे लेखकाला आधीच माहीत असायचं की आपल्याला किती जागा आहे. श्याम बेनेगलांनी ‘भारत एक खोज’मध्ये देशाचा अख्खा इतिहास ५३ भागांत बसवला.

म्हणून जुनं सगळंच सोनं होतं असं नाही. तेव्हाही रटाळ कार्यक्रम होते, सरकारी भाषणं होती आणि ‘व्यत्यय’ची पाटी होती. आपल्या लक्षात चांगलं तेवढंच राहिलं. शिवाय दुसरं चॅनेल नसल्यामुळे जे लागेल ते लोक बघायचे. पण एक फरक खरा आहे. तेव्हाच्या बहुतेक मालिका संपण्यासाठी लिहिल्या जायच्या.

मग रोजचा रतीब सुरू झाला

दूरदर्शनवरच्या ‘दामिनी’ने रोज भेटणाऱ्या मालिकेची सवय मराठी घरांना लावली होती. १९९९ मध्ये अल्फा मराठी, म्हणजे आजचं झी मराठी आलं आणि ‘आभाळमाया’ गाजली. २००१ मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली. नावात चार दिवस होते, पण मालिका २०१३ पर्यंत चालली आणि ३ हजारांहून जास्त भाग झाले.

इथं एक साधं गणित करून बघा. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटं उरतात. आठवड्याला ६ भाग, वर्षाचे ५२ आठवडे. झाले वर्षाला जवळपास ११४ तास. म्हणजे अडीच तासांचे ४५ सिनेमे, तेही दरवर्षी, त्याच कुटुंबावर आणि त्याच दिवाणखान्यात.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवड्यातून एकदा लागायची. त्याच हिशेबाने तिला वर्षाला १९ तास पुरायचे. म्हणजे रोजच्या मालिकेला सहापट मजकूर लागतो. आज दाखवायचा भाग थोड्याच दिवसांपूर्वी शूट झालेला असतो आणि काही वेळा सीन सेटवर आयत्या वेळी लिहून येतो. कलाकार आणि पडद्यामागची माणसं १२-१२ तासांच्या शिफ्ट करत असतात. अशा वेळी धक्का बसलेला चेहरा तीनदा दाखवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय ठरतो. त्याला नवा संवाद लागत नाही, नवं लोकेशन लागत नाही आणि ४० सेकंद भरून निघतात.

घाईचा दुसरा परिणाम म्हणजे रिमेक. ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली, ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून. रिमेक वाईटच असतो असं नाही. पण एका भाषेत चाललेली गोष्ट दुसऱ्या भाषेत आणली की चॅनेलची जोखीम कमी होते, आणि मराठी मातीतली नवी गोष्ट घेऊन आलेल्या लेखकाला दारात थांबावं लागतं.

चॅनेलला तुमचं मत कळतं तरी कसं?

आता मुख्य मुद्दा. टीआरपी मोजणाऱ्या संस्थेचं नाव बार्क, म्हणजे ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल. चॅनेल, जाहिरातदार आणि जाहिरात एजन्सी यांनी मिळून ती उभी केली. २०१५ पासून तिचे आकडे येऊ लागले.

निवडक घरांतल्या टीव्हीला बार्कचं मीटर जोडलेलं असतं. प्रत्येक चॅनेलच्या आवाजात एक छुपा संकेत मिसळलेला असतो. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही, पण मीटरला येतो. घरातलं कोण टीव्हीसमोर बसलंय हे त्या माणसाने रिमोटवरचं आपलं बटण दाबून सांगायचं असतं. या सगळ्यातून आठवड्याचे आकडे निघतात.

२०२० च्या सुमारास देशात अशी ४४ हजार घरं होती आणि टीव्ही असलेली घरं होती साधारण २१ कोटी. म्हणजे जवळपास ४ हजार ७०० घरांमागे एक मीटर. शितावरून भाताची परीक्षा होते, त्यामुळे नमुना लहान आहे एवढ्यानेच आकडा खोटा ठरत नाही. अडचण वेगळी आहे.

मीटरला एवढंच कळतं की कुठलं चॅनेल चालू होतं, किती वेळ आणि कुणासमोर. बघणारा रंगून गेला होता की चपात्या लाटत होता, हसत होता की शिव्या घालत होता, हे त्याला कळत नाही. जाहिरातीचा दर मात्र याच आकड्यावर ठरतो. म्हणजे चॅनेलच्या लेखी ‘आवडलं’ आणि ‘बंद केलं नाही’ या दोन गोष्टी एकच आहेत.

मालिका डोळ्यांसाठी नाही, कानांसाठी लिहिली जाते

आता विचार करा, जी गोष्ट बंद होऊ नये एवढीच अट आहे, ती कशी लिहाल?

संध्याकाळी सात ते दहा ही घरकामाचीही वेळ असते. कुकर लावायचा असतो, डबे घासायचे असतात, मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो. म्हणून संवाद असे हवेत की स्वयंपाकघरातून ऐकूनही कळावेत. खलनायिका आपला कट मोठ्याने स्वतःलाच सांगते ती यासाठी. एखादा दिवस चुकला तरी धागा सुटू नये म्हणून तीच गोष्ट तीन पात्रं तीनदा बोलतात. सण आला की मालिकेतही सण येतो, कारण जाहिरातींचा हंगामही तोच असतो. आकडा घसरला की स्मृतिभ्रंश होतो, जुळी बहीण सापडते, नाहीतर मेलेला माणूस परत येतो.

यात नवं असं काही नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात रेडिओवर गृहिणींसाठी रोजच्या कौटुंबिक मालिका लागायच्या. साबणाच्या कंपन्या त्यांच्या प्रायोजक होत्या, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडलं. आपली डेली सोप त्याच घराण्यातली आहे. काम करता करता ऐकायची गोष्ट.

जो उठून गेला, त्याचं मत बाद

इथं खरी मेख आहे. मालिकेला कंटाळलेला माणूस काय करतो? टीव्हीसमोरून उठतो आणि मोबाइल उघडतो. त्या क्षणी तो टीव्हीच्या मोजणीतून बाहेर पडतो. मागे उरतात ते त्याच साच्याची सवय असलेले किंवा दुसरा पर्याय नसलेले प्रेक्षक. पुढच्या आठवड्याचा आकडा त्यांच्याकडून येतो आणि तो सांगतो की साचा बरोबर आहे. मग चॅनेल तोच साचा अजून घट्ट करतं. त्याला कंटाळून अजून काहीजण उठतात.

म्हणून फेसबुकवर ‘बंद करा ही मालिका’ लिहून काही होत नाही. उलट कमेंट करायची म्हणून रोज मालिका बघणारा माणूस, त्याच्या घरात मीटर असेल तर, तिचा टीआरपी वाढवत असतो.

पण संधी मिळाली तर प्रेक्षक दुसरं काही बघतो, याचा पुरावा २०२० मध्ये मिळाला. लॉकडाऊनमध्ये शूटिंग बंद पडलं, दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा लावलं आणि काही आठवडे दूरदर्शन देशात सगळ्यात जास्त पाहिलं जाणारं चॅनेल ठरलं.

चांगलं बघायचं तर शोधायचं कसं?

पहिला आणि सगळ्यात उपयोगी निकष एकच. सुरू करण्याआधी बघा, गोष्टीला शेवट आहे का? किती भाग आहेत हे आधी माहीत असेल, तर लेखकालाही ते माहीत होतं असं समजायला हरकत नाही.

टीव्हीवरही हे घडलंय. मुक्ता बर्वेची ‘रुद्रम’ २०१७ मध्ये झी युवावर आली आणि काही महिन्यांत आपली गोष्ट सांगून संपली. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. आजही लोक या दोन्ही मालिकांचं नाव काढतात.

दुसरं, जुना खजिना फुकट आहे. दूरदर्शन सह्याद्री आणि प्रसार भारती आर्काइव्ह्ज यांची यूट्यूब चॅनेल आहेत. जुन्या मुलाखती, गाण्याच्या मैफली, नाटकं तिथं सापडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने ‘वेव्हज’ नावाचं स्वतःचं ओटीटीही गोव्यातल्या इफ्फीत सुरू केलं.

तिसरं, मोजक्या भागांच्या मराठी वेबसिरीज. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ‘समांतर’ थरार आवडणाऱ्यांसाठी. नवराबायकोच्या रोजच्या जगण्यातली गंमत हवी असेल तर प्रिया बापट आणि उमेश कामत यांची ‘आणि काय हवं’. १९७० च्या दशकातल्या मानवत हत्याकांडाच्या तपासावरची ‘मानवत मर्डर्स’ही याच यादीत येते.

चौथं, गावाकडचं यूट्यूब. साताऱ्याकडच्या कोरी पाटी प्रॉडक्शनची ‘गावाकडच्या गोष्टी’ किंवा बारामतीकडची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’. मोठं चॅनेल नाही, मोठे स्टार नाहीत, पण पारावर बसल्यासारखी बोली आणि ओळखीची माणसं आहेत. मुंबई-पुण्याच्या बंगल्यात अडकलेल्या मालिकांना जे गाव दिसलं नाही, ते या पोरांनी कॅमेरा घेऊन दाखवलं.

एक सावधगिरी मात्र हवी. मोबाइलवर आलो म्हणजे सुटलो असं नाही. यूट्यूबही तुम्ही किती वेळ बघताय हे मोजतं आणि त्यावरून पुढचा व्हिडिओ सुचवतं. मीटर तिथंही आहे, फक्त तिथं प्रत्येकाच्या हातात एक-एक आहे. म्हणून ऑटोप्ले बंद करा. काय बघायचं ते आधी ठरवा आणि मगच अ‍ॅप उघडा.

घरातल्या रिमोटचं काय?

हे सगळं वाचून आजीच्या हातातला रिमोट काढून घ्यायला जाल, तर थांबा. गुडघे दुखतायत, जिना उतरवत नाही, मुलं कामाला आणि नातवंडं कानात इअरफोन घालून बसलेली. अशा घरात रोज ठरलेल्या वेळी येणारी मालिकेतली सून हीच संध्याकाळची सोबत असते. ती सोबत टिंगल करून तुटत नाही आणि तोडूही नये.

त्यापेक्षा यूट्यूबवरचं एखादं जुनं नाटक किंवा गाण्याची मैफल मोठ्या टीव्हीवर लावून द्या, आणि मुख्य म्हणजे शेजारी बसा. बऱ्याच ज्येष्ठांकडे चांगल्याची आवड असते, पण ते मोबाइलवरून टीव्हीवर कसं आणायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

टीव्हीला तुमची आवड कळत नाही, त्याला फक्त तुमचा वेळ कळतो. तो कुणाला द्यायचा हे ठरवणं एवढंच प्रेक्षकाच्या हातात आहे, आणि वर्षाच्या ११४ तासांचा हिशेब बघितला तर तेही कमी नाही.