इपॉक्सीचे काम : माप चुकले तर मजुरी बुडाली

ठाणे, मुंब्रा-कौसा, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातल्या फर्निचर कारागिरांकडे गिऱ्हाईक आता काचेसारख्या चकाकीचे टेबल मागते. ही चकाकी इपॉक्सीची. १९४६ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने ‘अ‍ॅरल्डाइट’ बाजारात आणले, त्याच जातीचे हे रसायन. काम फायद्याचे आहे. पण चपडा किंवा मेलामाइन पॉलिशच्या सवयीने त्यात हात घातला, तर लाकूडही जाते आणि मजुरीही.

पहिली गोष्ट मापाची. रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण डब्यावर वजनात दिले असेल तर काट्यावर तोलावे, अंदाजाने ओतू नये. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवू नये. जादा हार्डनर तसाच उरतो आणि थर मऊ, चिकट राहतो. बादलीभर एकदम मिसळू नये. मिश्रण आपोआप तापते, धूर निघतो आणि माल वाया जातो.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. खाडीकाठच्या पावसाळ्यात ओलाव्याने थर दुधाळ होतो, वर तेलकट पापुद्रा धरतो. लाकडातली ओल १२ टक्क्यांच्या आत असावी. आधी पातळ थर देऊन छिद्रे बुजवावीत, नाहीतर लाकडातली हवा बुडबुडे होऊन वर येते. कारखाना बंदिस्त आणि कोरडा ठेवता येत नसेल, तर अशी ऑर्डर पावसाळ्यानंतरच घ्यावी.

तिसरी गोष्ट हिशेबाची. ६ बाय ३ फुटांच्या टेबलावर २ मिलिमीटर थराला सुमारे ३.३ लिटर मिश्रण लागते. वर नासाडी, घासाई आणि पूर्ण कडक होईपर्यंत साधारण आठवडाभर अडकलेली जागा धरूनच भाव सांगावा. हातमोजे घालावेतच, कच्चे इपॉक्सी अंगाला लागून कातडीला कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते.

शेवटची गोष्ट सचोटीची. इपॉक्सी उन्हात पिवळे पडते आणि चुलीवरून उतरवलेल्या गरम पातेल्याने त्यावर डाग उठतो. बाल्कनीच्या फर्निचरला ते देऊ नये. द्यायचेच असेल तर ऊन सोसणाऱ्या पीयूचा थर वर द्यावा. हे सारे पावतीवर आधीच लिहून द्यावे. मालातला दोष गिऱ्हाइकापासून लपवू नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे आणि अडकलेली बाकी वसूल होण्याचा तोच खरा आधार, असे आम्हाला वाटते.